एक घर मागे

मागच्या जानेवारीत बंदर-कचेरीनं दिला टॅब्लेट,
सात इंचांचा, रबरी कवचातला.
मामाच्या हातात तो मासोळीएवढा दिसायचा.
वही बरी होती, म्हणाला.
वही भिजायची, फुगायची,
पण तिच्यातलं अक्षर लिहिणाऱ्याच्या हाताएवढं असायचं.

अचाओच्या धक्क्यावरून दुपारी सुटते आमची लाँच,
आधी अलाओ, मग अपिआओ.
गॅसच्या टाक्या, पिठाची पोती, कुणाची तरी शेळी,
शाळेची नवी बाई, जिला अजून लाट लागते,
आणि प्रत्येकाच्या नावापुढे खूण.
जाताना एक, येताना एक.
खुणा झाल्याशिवाय दोर सोडायचा नाही.

मामा टॅब्लेट लांब धरायचा, मग अजून लांब.
हात संपला की मला हाक मारायचा.
चष्मा होता. चष्म्यावर मीठ होतं.
दातेरी चाकाला तो खेकडा म्हणे, लिफाफ्याला उशी.
चित्रं दिसत नव्हतीच त्याला, जागा पाठ होत्या:
खालून दुसरं, उजवीकडून तिसरं,
जसे धुक्यात खडक पाठ असतात.

एका रविवारी चुलीपाशी बसून मी खेकडा उघडला.
आत एक रेघ, रेघेवर मणी,
एका टोकाला बारीक अ, दुसऱ्या टोकाला थोराड.
मणी ओढला शेवटपर्यंत.
अक्षर ठळक केलं. पाठ काळी केली,
कारण उन्हात पांढऱ्या काचेत
फक्त मामाचीच हनुवटी दिसायची.
चित्रंही फुगवली, लोण्यावरच्या पावासारखी नव्हे,
भट्टीतल्या पावासारखी.

सोमवारी गोंधळ.
एका ओळीत चार मावायची, आता तीनच;
चौथं पुढच्या पानावर.
मामाचे सगळे खडक जागचे हलले.
हवामान बघायला गेला आणि
स्वतःच्या बुटाचा फोटो काढून बसला.
आणि नावं! मोठी झाली तशी तुटली:
नावेल्कि… मिल्याकु…
बार्रिया रु… बार्रिया रु…
आता यात रुदेसिंदो कोण आणि रुपेर्तो कोण?
अकरा वर्षं एकमेकांशी न बोललेले दोघे भाऊ,
एक नाळेवर बसतो, एक सुकाणूपाशी,
आणि इथे तीन ठिपक्यांनी त्यांचा एकच माणूस केला.
रुपेर्तो हसला. मी पाहिलं.
रुदेसिंदोनं मान फिरवली, पण उशिरा.

मामा म्हणाला, सगळ्यात मोठं नको गं नोल्फा,
एक घर मागे घे.

घेतला मणी एक घर मागे.
मग तो वाचत सुटला, स्वतःचं स्वतः,
हात कोपरात दुमडून, वर्गातल्या पोरासारखा मोठ्यानं.
प्रत्येक नावाला कुणीतरी ओ देत होतं.
शेळीवाल्यानं शेळीच्या वतीनंही दिली.

च पाशी थांबला.
चिग्वाय अमादोर.
चिग्वाय ओतिलिया.

मामी ऑगस्टात गेली अचाओला, दवाखान्यात.
जातानाची खूण मीच केली होती.
येतानाचा चौकोन तसाच रिकामा आहे, कारण
ती परतली तेव्हा
सामानाच्या पानावर होती.

इतके महिने ती ओळ
माशीच्या पायाएवढी होती. बोट तिच्यावरून सरकून जायचं.
माझ्या लक्षात यायला हवं होतं मणी ओढण्याआधी.

हे एकच नाव बारीक ठेवता येतं का, त्यानं विचारलं.
नाही मामा. वाढलं की सगळ्यांचंच वाढतं.
पुसून टाकू?

त्यानं बाहीनं काच पुसली. काचच फक्त.
मग तेही नाव वाचलं, बाकीच्यांसारखंच,
ना हळू ना जोरात,
आणि थांबला जरासा,
धक्क्यावरून कुणी पिशव्या घेऊन धावत येत असेल
तर थांबतो तेवढाच.

बाईंना लाट लागायच्या आत निघू या, म्हणाला.
सोड दोर.